आधी ब्रेक, मग इंजिन: एका जुन्या गोल्फ कार्टला अनावृत पत्र

पीचट्री सिटी, जॉर्जिया

प्रिय मॅरेथॉन,



परवाच्या शनिवारी चार महिन्यांनी तू पहिल्यांदा स्वतःच्या दमावर गॅरेजाबाहेर पडलीस. गल्लीच्या टोकापर्यंत गेलीस, तळ्याकडच्या उतारावर सरळ रेषेत थांबलीस आणि पुढे-मागे करायची मूठ फिरवली तशी निमूट मागे येऊन जागेवर उभी राहिलीस. बघायला जमलेल्या शेजाऱ्यांना तुझ्या पुढे जाण्याचं कौतुक वाटलं. माझा जीव अडकला होता तो तुझ्या थांबण्यात आणि मागे येण्यात. चार महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस त्या दोन गोष्टींसाठीच खर्ची पडले.

हे तुला एकटीला सांगूनही भागलं असतं. पण या गावात तुझ्या वयाच्या कितीतरी गाड्या ताडपत्रीखाली पडून आहेत आणि त्यांच्या मालकांच्या मनात एकच विचार घोळतोय: हिच्यात एखादं दांडगं इंजिन बसवावं, नाहीतर गिअर बदलून हिला पळवावी. त्यांच्याही कानावर चार शब्द पडावेत म्हणून हे पत्र उघडं ठेवतोय.

तुझा जन्म 1988 चा, ऑगस्टाचा. इथून पूर्वेला जेमतेम तीन तासांचा रस्ता. ऑगस्टाचं नाव जगभर झालं ते 1934 पासून तिथे भरणाऱ्या मास्टर्स स्पर्धेमुळे. त्याच गावात 1954 मध्ये डोलन आडनावाच्या दोघा भावांनी एका लहानशा मशीन शॉपमध्ये तुझ्या कंपनीची, ई-झी-गोची, सुरुवात केली. 1960 मध्ये टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहाने ती कंपनी घेतली. क्लब कार ही दुसरी गोल्फ कार्ट कंपनी मूळची टेक्सासमधल्या ह्यूस्टनची, तीही पुढे ऑगस्टाला येऊन स्थिरावली. यामाहाने अमेरिकेत गोल्फ कार्ट बनवायला कारखाना काढला तो न्यूनानला, म्हणजे आपल्या शेजारच्याच गावात. अमेरिकेतल्या गोल्फ कार्टांचं माहेर म्हणावं तर हे जॉर्जिया राज्य. तू माहेर सोडून कुठे गेलीच नाहीस.

आणि राहायला मिळालं तेही असं गाव. पीचट्री सिटीत तुमच्यासाठी दीडशे किलोमीटरच्या वर वेगळ्या वाटा आहेत. झाडीतून, तळ्यांच्या काठाने, मोठ्या रस्त्यांच्या खालून बोगद्यातून जाणाऱ्या. इथली माणसं गोल्फ कार्टने दूध आणायला जातात, वाचनालयात जातात. हायस्कूलच्या आवारात मुलांच्या गोल्फ कार्टांची रांग लागते. गोल्फची काठी आयुष्यात हातात न धरलेली माझ्यासारखी माणसंही इथे गोल्फ कार्ट बाळगतात. म्हणूनच पलीकडच्या गल्लीतले आजोबा मुलाकडे राहायला निघाले आणि त्यांनी शेडचं दार उघडून तुला दाखवलं, तेव्हा मी फार विचार केला नाही. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं, पुढचं एक चाक बसलं होतं आणि इंजिन जागचं हलत नव्हतं. पण चौकट सरळ होती. पत्रा खाली कुठे कुजलेला नव्हता. अण्णांचा मुलगा म्हणून मी आधी तेच पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं लेथचं दुकान होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी जुनी ऑइल इंजिनं घेऊन यायचे. कुणाला विहिरीवरचं इंजिन गुऱ्हाळावर न्यायचं असे, कुणाला पाच हॉर्सपॉवरच्या जागी आठचं बसवायचं असे. इंजिन कितीचं, नवं की जुनं, हे अण्णा नंतर विचारत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बसवायचं कुठं?" पाया कसला आहे, पुली केवढी आहे, पट्टा किती लांब, पुढचा पंप किती फेरे सोसतो, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. मी लहानपणी कंटाळायचो. तुझ्या सीटखाली डोकं घातल्यावर त्या प्रश्नाची किंमत कळली.

तू घरी आलीस त्याच आठवड्यात तिघांनी मला एकच सल्ला दिला: व्ही-ट्विन टाक. दोन सिलिंडरचं, वीस-बावीस हॉर्सपॉवरचं, गवत कापायच्या मोठ्या यंत्रांवर असतं तसलं. सल्ला देणारी माणसं भली होती. त्यांनी स्वतःच्या गाड्यांत तशी इंजिनं बसवलेली होती आणि त्या गाड्या पळतही होत्या. पण तुला काय झालंय, हे अजून कुणी तपासलंच नव्हतं.

जुनी गोल्फ कार्ट मंद झाली की दोष सरळ इंजिनाच्या किंवा गिअरच्या माथी मारला जातो. खरा दोष पुष्कळदा साधा असतो. तुझ्यासारख्या पेट्रोलच्या गाडीत इंजिनावरचा क्लच आणि एक्सलवरचा क्लच यांच्यामध्ये एक पट्टा फिरतो. वेग वाढेल तसा तो इंजिनाकडच्या क्लचमध्ये वर चढतो आणि एक्सलकडच्या क्लचमध्ये खाली उतरतो. गिअर बदलण्याचं काम गिअर न बदलता होतं ते असं. हा पट्टा वर्षानुवर्षं घासून अरुंद झाला की क्लचच्या दोन तबकड्यांमध्ये पुरता वर चढू शकत नाही आणि वरचा वेग आपोआप घटतो. कधी ब्रेकची वायर गंजून अर्धवट आवळलेली राहते आणि गाडी दिवसभर स्वतःच्या ब्रेकशी झगडत चालते. कधी टायरमध्ये हवाच नसते. विजेवरच्या गाडीत बॅटरीच्या वायरींची टोकं हिरवी पडलेली असतात, ती बोट भाजेल इतकी तापतात आणि मोटरपर्यंत पोचायची वीज तिथेच जळते. पट्टा, ब्रेक, हवा, वायरी. या चार गोष्टी पाहायला एक दुपार पुरते. ती दुपार काढली तर कितीतरी गाड्यांना नवं इंजिन लागणारच नाही.

तुझ्या बाबतीत ती दुपार काढली आणि रोग खरोखरच इंजिनात निघाला. पिस्टन बोअरला धरून बसला होता. हेड उघडलं तेव्हा सिलिंडरच्या आतल्या बाजूला नखाला लागतील असे उभे चरे दिसले. इथवर आल्यावर इंजिन बदलायचं ठरलं आणि पहिला धडा तिथेच मिळाला.

तुझं मूळचं इंजिन टू-स्ट्रोक होतं, रॉबिन कंपनीचं. टू-स्ट्रोक इंजिनाची एक खुबी अशी की ते उलटंही फिरू शकतं. तुझ्या पिढीच्या कारागिरांनी या खुबीचा नेमका उपयोग केला आणि एक्सलमध्ये रिव्हर्सचा गिअर ठेवलाच नाही. मूठ मागे केली की इंजिन थांबायचं आणि पुन्हा पॅडल दाबलं की स्टार्टर त्याला उलट्या दिशेने फिरवून सुरू करायचा. अख्खं इंजिनच उलटं चालायचं आणि गाडी मागे यायची. 1963 पासून गोल्फ कार्ट बनवणाऱ्या हार्ले-डेव्हिडसननेही आपल्या टू-स्ट्रोक गाड्यांत हीच युक्ती वापरली होती. कमी भाग, कमी वजन, कमी खर्च. किती नीट विचार केला होता!

फोर-स्ट्रोक इंजिनाला हे जमत नाही. त्याच्या झडपा कोणत्या क्रमाने उघडायच्या हे कॅमशाफ्टवर कोरलेलं असतं, त्यामुळे ते एकाच दिशेने फिरतं. म्हणजे तुझ्यात नुसतं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं असतं तर तू पुढे सुसाट गेली असतीस आणि भिंतीपाशी अडकली असतीस. मागे यायला वाट नाही. तुझ्या वयाच्या गाड्यांत घाईने इंजिन बसवणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. मग गाडी ढकलून मागे घेत बसावं लागतं.

म्हणून इंजिनासोबत एक्सलही शोधायला निघालो. 1991 पासून तुझ्याच नावाच्या मॅरेथॉन गाड्यांत कंपनीने 295 सीसीचं दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक रॉबिन इंजिन घालायला सुरुवात केली. त्या गाड्यांच्या एक्सलमध्ये पुढे-मागे जायचा गिअर असतो. तसली एक अपघातात पुढून चेपलेली गाडी मिळाली. पुढचा भाग भंगार, मागचा भाग शाबूत. इंजिन, दोन्ही क्लच, एक्सल, गव्हर्नरची तार, स्टार्टर, वायरिंग, सगळं बिऱ्हाड एकत्र उचललं. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. ज्या एक्सलसाठी ते इंजिन घडलं, तो एक्सल त्याच्याबरोबर आला. ज्या क्लचमध्ये तो पट्टा चढायचा, तेच क्लच आले. मला फक्त तुझ्या चौकटीत त्यांची बैठक तयार करायची होती. दोन ठिकाणी वेल्डिंग, एक नवी पट्टी आणि पुष्कळ मोजमाप.

बाजारात मिळणारं सर्वसाधारण इंजिन बसवणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. होंडाचं जीएक्स 390, म्हणजे 389 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, किंवा त्याच्या धर्तीची 420 सीसीची इंजिनं लोक सर्रास बसवतात. ती भरवशाची आहेत आणि त्यांचे सुटे भागही सहज मिळतात. पण ती पाण्याचे पंप, जनरेटर अशा एका जागी बसून करायच्या कामांसाठी घडलेली आहेत. त्यांचा शाफ्ट एक इंची, सरळ आणि चावी बसवायला खाच असलेला. तुझ्या क्लचला मात्र निमुळता, टेपरचा शाफ्ट लागतो. मध्ये जोडतुकडा घालावा लागतो आणि तो केसभर जरी वाकडा बसला तरी पट्टा महिन्याभरात फाटतो. इंजिन कोणत्या बाजूने फिरतं आणि एक्सलला कोणती दिशा हवी हे आधी जुळवावं लागतं. गरम सायलेन्सर पेट्रोलच्या टाकीपासून आणि सीटपासून लांब न्यावा लागतो. आणि एक गोष्ट कायमची हरवते. तुझ्यासारख्या गाडीत पॅडल दाबलं की इंजिन सुरू होतं आणि पाय उचलला की बंद पडतं. थांबलं की शांतता. झाडीतल्या वाटेवर समोरून कुणी आलं, गाडी थांबवली, दोन शब्द बोललो आणि पुढे निघालो. सर्वसाधारण इंजिन त्या वेळात खाली धडधडत राहतं आणि दोन शब्द ओरडून बोलावे लागतात.

आता त्या टेपरविषयी, कारण माझे सगळ्यात जास्त तास तिथे गेले. इंजिनाच्या शाफ्टचं निमुळतं टोक आणि क्लचच्या आतलं निमुळतं भोक एकमेकांत बसतात ते नुसत्या घट्टपणाच्या बळावर. सगळी ताकद त्या दोन पृष्ठभागांच्या पकडीतून जाते. मी शाफ्टच्या टोकावर निळ्या शाईचा पातळ हात दिला, क्लच हाताने बसवला, किंचित फिरवला आणि काढला. निळा रंग उमटला तो फक्त बाहेरच्या कडेला, अर्ध्या बोटाच्या रुंदीचा एक पट्टा. आतला भाग कोरडा. म्हणजे क्लच कडेवर टेकून उभा होता. तसाच आवळला असता तर आठवड्यात डगमगला असता आणि शाफ्ट खाऊन टाकला असता. बारीक पेस्टने घासायचं, पुसायचं, शाई लावायची, बसवायचं, काढायचं, पुन्हा पाहायचं. चौथ्या दिवशी रात्री निळा रंग कडेपासून तळापर्यंत सगळीकडे सारखा उमटला. मग दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून अगदी कोरडे केले, तेलाचा टिपूस राहू दिला नाही आणि बोल्ट आवळला. नवशिका माणूस इथे तेल लावतो आणि तिथेच चुकतो. टेपरला तेल लागलं की पकड गेली.

गव्हर्नर मी काढला नाही. हे खास लिहून ठेवतोय, कारण तसा सल्लाही मिळाला होता. तुझ्या नव्या एक्सलमध्ये फिरती वजनं आहेत. चाकं ठरल्यापेक्षा जोरात फिरायला लागली की ती बाहेर फेकली जातात, एक दांडी ढकलतात आणि तारेने कार्ब्युरेटरचं तोंड मिटतं. चाकांचा वेग जाऊन इंजिनाला सांगणारा हा निरोप्या आहे. लोक ती तार काढतात किंवा स्प्रिंग लावून तिला बांधून ठेवतात, कारण तेवढ्याने फुकटात वेग मिळतो. पण लहान इंजिनांचा कनेक्टिंग रॉड बहुधा अॅल्युमिनियमचा असतो आणि अशी इंजिनं मिनिटाला साधारण 3,600 फेऱ्यांपर्यंत चालवायच्या हिशोबाने बनवलेली असतात. त्यापलीकडे ती पळतात, पण किती दिवस याची हमी कुणी देत नाही. एक दिवस रॉड तुटतो आणि इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. तेव्हा वर सीटवर माणसं बसलेली असतात.

आता गिअरचा हिशोब. तो तुझ्यापेक्षा समोरच्या घरातल्या तुझ्या धाकट्या बहिणीकडून शिकायला मिळाला. ती विजेवर चालणारी, 1998 ची ई-झी-गो टीएक्सटी, 36 व्होल्टची. तिच्या मालकीणबाईंच्या नातवाने एका दुकानातून तिचे गिअर बदलून घेतले. ताशी बारा-तेरा मैलांचा वेग त्याला पुरत नव्हता. गाडी सपाटीवर भन्नाट पळायची आणि तळ्याकडचा चढ आला की मध्यावर धापा टाकत उभी राहायची. एके दिवशी तिथे जळक्या वार्निशचा वास आला आणि ती तिथेच बसली. ढकलत घरी आणली.

आम्ही दोघांनी मिळून तिची मोटर उतरवली. मोटर निघाली की एक्सलचा दातेरी शाफ्ट समोर येतो. दोन्ही मागची चाकं उचलली, टायरवर खडूने रेघ मारली, शाफ्टवर दुसरी. नातू शाफ्ट फिरवत होता आणि मी चाकाच्या रेघेवर डोळे ठेवून फेरे मोजत होतो. चाकं एकदा पुरी फिरायला शाफ्टचे सहा फेरे लागले. त्यांच्या गॅरेजात काढून ठेवलेल्या मूळच्या गिअरवर साडेबाराच्या जवळ, 12.44, लागायला हवे होते. दोन्ही चाकं एकत्र फिरत आहेत ना याकडे लक्ष ठेवावं लागतं. एक चाक जमिनीला टेकलेलं असेल तर दुसरं दुप्पट फिरतं आणि मोजणी निम्मी येते.

मग त्याला कागदावर मांडून दाखवलं. टायर 18 इंची. त्याचा घेर सुमारे एक मीटर 44 सेंटीमीटर. मोटर मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर 12.44 च्या गिअरवर चाक 241 वेळा फिरतं आणि वेग निघतो ताशी सुमारे 21 किलोमीटर, म्हणजे 13 मैल. 8 चा गिअर घातला तर 32 किलोमीटर. 6 चा घातला तर 43. हा सगळा वेग मोटरने तेवढेच फेरे राखले तरच मिळतो. कारण गिअर फुकट काही देत नाही. 8 च्या गिअरवर चाकाला मूळच्या फक्त 64 टक्के ओढ मिळते, 6 च्या गिअरवर निम्म्याहूनही कमी. तोच चढ चढायला मोटरला दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो, ती बॅटरीतून जास्त करंट ओढते आणि करंट वाढला की वायरींमधली उष्णता त्याच्या वर्गाने वाढते. जळलेलं वार्निश त्या हिशोबाची शिल्लक होती. वर कुणी 18 च्या जागी 22 इंची टायर चढवले तर तेही गिअर बदलल्यासारखंच आहे: वेग बावीस टक्के जास्त, ओढ त्या मानाने कमी. उंच टायर आणि 6 चा गिअर दोन्ही एकत्र केले तर चढावर गाडी उभी राहणारच.

नातू हुशार निघाला. त्याने स्वतःच विचारलं, मग ज्यांना डोंगरात लाकडं ओढायची आहेत त्यांनी काय करायचं? उलट करायचं, म्हटलं. वेग सोडायचा आणि ओढ घ्यायची. सपाट गावात हलक्या माणसाला 8 चा गिअर शोभतो. चढाच्या गावात मूळचाच बरा. आम्ही तिचा मूळचा गिअर परत बसवला, जुन्या बारीक वायरींच्या जागी जाड तांब्याच्या वायरी घातल्या आणि बॅटरींची टोकं घासून लख्ख केली. आता ती तळ्याचा चढ न थांबता चढते. वेग पूर्वीइतकाच, पण उत्साह नवा.

8 च्या गिअरने येणारा 32 किलोमीटरचा, म्हणजे 20 मैलांचा आकडा मनात ठेवायला हवा. जॉर्जियाच्या कायद्यात तुमच्यासारख्या गाडीची व्याख्याच मुळी ताशी 20 मैलांपाशी संपते. 1998 पासून केंद्राच्या नियमात 20 ते 25 मैल वेगाच्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांना दिवे, इंडिकेटर, आरसे, काच, सीटबेल्ट सगळं लागतं. 6 चा गिअर घालून 43 किलोमीटर, म्हणजे जवळपास 27 मैल गाठणारी गाडी त्या वर्गातही बसत नाही. ती मग कुठल्याच वाटेची राहत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी ब्रेक आहेतच. तुझे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. ड्रम, तारेने ओढले जाणारे. 13 मैलांसाठी ते पुरेसे आहेत. वेग 26 केला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ब्रेक मात्र तेवढेच राहतात. जोरात दाबलं की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात, जाम होतात आणि गाडीचं बूड बाजूला फिरतं. ओल्या पानांवर तर हमखास. बसणारी माणसं उंचावर, उघड्यावर, बिनपट्ट्याची. डावीकडे जोरात वळलं की उजवीकडचा माणूस बाहेर फेकला जातो, आणि तो माणूस पुष्कळदा एखादं मूल असतं.

म्हणून तुझं इंजिन सुरू करण्याआधी मी तुझे ब्रेक उघडले. डाव्या चाकाची वायर गंजून तिच्या नळीत रुतलेली, उजव्याची मोकळी. पॅडल दाबलं की उजवं चाक आधी धरायचं आणि डावं मागाहून, उशिरा आणि अर्धवट. दोन्ही वायरी नव्या घातल्या, शू नवे घातले, ड्रमवरची कड लेथवर उतरवली. मग दोन्ही चाकं उचलून ब्रेकच्या पॅडलला सीटपासून एक लाकडी टेकू लावला आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. टेकूची लांबी बोटभर बदलत बदलत दोन्ही चाकं एकाच क्षणी घट्ट होईपर्यंत वायरी जुळवल्या. हे काम कुणी बघायला येत नाही. त्याचे फोटोही कुणी काढत नाही. शनिवारी उतारावर तू सरळ थांबलीस ती याच कामामुळे.

मॅरेथॉन, तुला पुन्हा रस्त्यावर आणायचा खर्च नव्या गाडीच्या खर्चाच्या आसपासही गेला नाही. 1988 ची चौकट अजून कामाची आहे, तिला भंगारात का घालायचं? जुन्या वस्तूला दुसरं आयुष्य देणं हे मला माझ्या बापाकडून मिळालेलं काम आहे आणि ते मी जीव लावून करतो. पण दुसरं आयुष्य देताना तिचा स्वभाव बदलायचा हक्क आपल्याला नाही, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. तू सावकाश जाण्यासाठी, दोन शब्द बोलायला थांबण्यासाठी आणि सुखरूप घरी येण्यासाठी घडलीस. नव्या इंजिनाने ते जास्त चांगलं करावं, एवढंच त्याचं काम.

आणि हे उघडं पत्र वाचणाऱ्या मालकांना माझी कळकळीची विनंती. इंजिन मागवण्याआधी, गिअरची पेटी उघडण्याआधी, एक संध्याकाळ काढा. मागची दोन्ही चाकं उचला, कुणाला तरी ब्रेकचं पॅडल दाबायला सांगा आणि चाकं हाताने फिरवून बघा. दोन्ही एकदम धरत नसतील तर पहिलं काम तेच आहे. बाकी सगळं त्यानंतर.

तुझा,
तुझ्या गॅरेजातला फिटर